तेरा सुवर्णं, पण शैली दोनच

जुलै २०२३ च्या अखेरीस जपानच्या फुकुओका शहरात जागतिक जलक्रीडा स्पर्धेतलं जलतरण संपलं आणि एकाच तलावाचे दोन निकाल जगभर फिरले. एका तक्त्यात ऑस्ट्रेलिया पहिला: १३ सुवर्ण, ७ रौप्य, ५ कांस्य, एकूण २५. दुसऱ्यात अमेरिका पहिली: ७ सुवर्ण, २० रौप्य, ११ कांस्य, एकूण ३८. आकडे दोन्हीकडे तेच, फरक फक्त कोणत्या रकान्यावरून क्रम लावायचा याचा. अमेरिकी माध्यमं बहुतेक वेळा एकूण पदकं मोजतात. बाकीचं जग, आपली मराठी वृत्तपत्रं धरून, आधी सुवर्ण पाहतं.

या वादावर दोन्ही देशांत भरपूर तोंडसुख घेतलं गेलं. ऑस्ट्रेलियाची नावाजलेली जलतरणपटू केट कॅम्पबेल हिने दूरचित्रवाणीवर अमेरिकनांच्या पदकमोजणीची यथेच्छ टर उडवली, अमेरिकन दुखावले आणि पुढचं वर्षभर दोन्ही संघांना आयतं इंधन मिळालं. मला या भांडणात एका मर्यादेपलीकडे रस नाही. अडीच कोटींहून थोडी जास्त लोकसंख्या असलेल्या देशाने तेहतीस कोटींच्या देशाला सुवर्णपदकांत जवळजवळ दुपटीने मागे टाकलं, एवढं खरं आहे आणि ते कोणत्याही तक्त्याने पुसलं जात नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ही तेरा सुवर्णं तलावाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली. ते पाहिलं की फुकुओकाचा पराक्रम जितका मोठा दिसतो तितकाच अरुंदही दिसतो, आणि पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये व सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत जे झालं त्याचा उलगडा होतो.

आधी पराक्रम. २३ जुलैची पहिलीच संध्याकाळ घ्या. महिलांच्या ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत अशा तिघी शेजारी उभ्या होत्या, ज्यांनी या शर्यतीचा जागतिक विक्रम एकीकडून दुसरीकडे नेला होता. अमेरिकेच्या केटी लेडेकीचा रिओतला विक्रम ऑस्ट्रेलियाच्या एरियार्न टिटमसने मे २०२२ मध्ये मोडला, आणि टिटमसचा विक्रम कॅनडाच्या समर मॅकिंटॉशने मार्च २०२३ मध्ये. स्पर्धेआधी आठवडाभर याच शर्यतीची चर्चा होती. प्रत्यक्षात चुरस झालीच नाही. टिटमसने ३ मिनिटे ५५.३८ सेकंदांत नवा विक्रम केला. लेडेकी तीन सेकंदांहून अधिक मागे राहून दुसरी आली, मॅकिंटॉश तर चौथी. न्यूझीलंडच्या एरिका फेअरवेदरने तिचं कांस्य हिसकावलं. त्याच संध्याकाळी पुरुषांच्या ४०० मीटरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सॅम शॉर्टने ट्युनिशियाच्या अहमद हफनावीला, म्हणजे टोकियोच्या ऑलिंपिक विजेत्याला, ०.०२ सेकंदाने हरवलं. मग दोन्ही ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाइल रिले ऑस्ट्रेलियाने जिंकल्या. एका संध्याकाळी चार सुवर्णं. फ्रान्सच्या लेओन मार्शांने त्याच रात्री मायकेल फेल्प्सचा ४०० मीटर वैयक्तिक मेडलेचा पंधरा वर्षांचा विक्रम मोडला नसता, तर दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात दुसरं कोणी आलंच नसतं.

त्या महिला रिलेकडे थोडं थांबून पाहायला हवं. ३ मिनिटे २७.९६ सेकंद हा विक्रम, आणि दुसऱ्या आलेल्या अमेरिकेपेक्षा जवळजवळ चार सेकंदांची आघाडी. चारशे मीटरच्या रिलेत चार सेकंद म्हणजे दुसरा संघ चित्रातही मावत नाही. लंडन २०१२ पासून टोकियोपर्यंत या रिलेचा कणा कॅम्पबेल भगिनी होत्या. केट सुरुवातीपासून, ब्राँटे पुढच्या बऱ्याच वर्षांत. फुकुओकात दोघी नव्हत्या. मॉली ओकॅलहन, शेना जॅक, मेग हॅरिस आणि एमा मॅकिऑन पोहल्या आणि विक्रम झाला. दिग्गज निघून गेल्यावर संघ सुधारतो, हे कोणत्याही खेळात फार क्वचित घडतं.

ओकॅलहन तेव्हा १९ वर्षांची. स्पर्धेच्या सुमारे महिनाभर आधी सरावात तिच्या गुडघ्याची वाटी सरकली होती. काही दिवस तिला नीट पाय मारता येत नव्हते आणि ती जपानला जाणार की नाही इथपासून प्रश्न होता. ती गेली आणि पाच सुवर्णं घेऊन आली. २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिने आपल्याच संघातल्या, आपल्याच सरावगटातल्या टिटमसला शेवटच्या पन्नास मीटरमध्ये गाठलं आणि १ मिनिट ५२.८५ सेकंदांची वेळ दिली. इटलीच्या फेडेरिका पेलेग्रिनीचा २००९ चा विक्रम असा गेला. तो रोममधल्या त्या कुप्रसिद्ध स्पर्धेतला होता, पॉलियुरेथेनच्या पोशाखांनी विक्रमांचा पाऊस पाडला ती. ते पोशाख २०१० पासून बाद झाले, पण त्यांच्या जोरावर झालेले काही विक्रम वर्षानुवर्षं हलेनात. चौदा वर्षांनी हा हलला. दोन-तीन दिवसांत ओकॅलहनने १०० मीटरही जिंकली. एकाच जागतिक स्पर्धेत १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल जिंकणारी ती पहिली महिला. ऑस्ट्रेलियाने फुकुओकात पाच जागतिक विक्रम केले, त्यांतल्या चारांत तिचा हात होता: एक तिचा एकटीचा, तीन रिलेचे.

केली मॅकिओनची गोष्ट वेगळ्या स्वभावाची आहे. (एमा मॅकिऑनशी तिचं नातं नाही, आडनावांचा घोळ समालोचकांनाही पुरून उरतो.) पहिल्याच संध्याकाळी २०० मीटर वैयक्तिक मेडलेच्या उपांत्य फेरीत बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे वळताना तिचं शरीर नियमापेक्षा जास्त कललं, असं पंचांनी ठरवलं आणि ती बाद झाली. ती त्या शर्यतीत पदकाची दावेदार होती. मग बॅकस्ट्रोक आला: १०० मीटर जिंकली, ५० जिंकली, २०० जिंकली. तिन्ही अंतरं एकाच जागतिक स्पर्धेत जिंकणारी ती पहिली महिला. तिन्ही वेळा दुसरी आली ती अमेरिकेची रीगन स्मिथच. ५० मीटरमध्ये दोघींतलं अंतर ०.०३ सेकंद होतं. अमेरिकेच्या वीस रौप्यांची चर्चा करताना ही तीन रौप्यं मला नेहमी आठवतात.

खरं तर ही तीनच नव्हेत. ऑस्ट्रेलियाच्या तेरा शर्यतींत दुसरं कोण आलं ते पाहिलं तर नऊ वेळा अमेरिकेचं नाव लागतं: लेडेकी एकदा, स्मिथ तीनदा, जॅक अलेक्सी पुरुषांच्या १०० आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये दोनदा, आणि तीन रिले. म्हणजे अमेरिकेच्या वीस रौप्यांपैकी नऊ थेट ऑस्ट्रेलियाच्या पाठीमागून आली. एकूण पदकांच्या तक्त्याने अमेरिकेला पहिलं केलं, पण समोरासमोरच्या गाठीत कोण कोणाला भारी पडलं हे त्या तक्त्यात दिसत नाही. एका देशाला प्रत्येक वैयक्तिक शर्यतीत फार तर दोनच जलतरणपटू उतरवता येतात. तरीही ४२ शर्यतींत ३८ पदकं मिळवणं म्हणजे जवळजवळ प्रत्येक अंतिम फेरीत दावेदार असणं. ही खोली खोटी नाही. ती वेगळ्या जातीची ताकद आहे, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुरुषांपैकी मला सर्वांत जास्त रस कॅमेरन मॅकव्हॉयमध्ये आहे. २०१६ मध्ये हा १०० मीटर फ्रीस्टाइलचा जगातला सर्वांत वेगवान माणूस होता. एप्रिलमधल्या निवड चाचणीत त्याने ४७.०४ सेकंद दिले होते. ऑगस्टमध्ये रिओला तो सातवा आला. टोकियोनंतर त्याने पोहणं जवळजवळ सोडलंच. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, परतला तो एक साधा प्रश्न घेऊन: एकवीस सेकंदांच्या शर्यतीसाठी रोज किलोमीटरच्या किलोमीटर का पोहायचं? धावपटू शंभर मीटरसाठी मॅरेथॉनचा सराव करत नाहीत. त्याने तलावातलं अंतर अगदी कमी केलं, त्याच्या जागी वजनं, लटकून करायचे व्यायाम आणि पूर्ण वेगाचे छोटे तुकडे आणले. एकोणतिसाव्या वर्षी फुकुओकात त्याने ५० मीटर २१.०६ सेकंदांत जिंकली, दुसऱ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने पुढे. या शर्यतीत पदकं शतांश सेकंदांवर ठरतात. तिथे अर्धा सेकंद म्हणजे बाकीचे सात जण वेगळीच शर्यत पोहत होते. त्यानंतर त्याच्या पद्धतीची बरीच चर्चा झाली. ऑस्ट्रेलियाच्या तेरांपैकी एखादं सुवर्ण एका विचारातून आलं असेल तर ते हेच.

काइल चाल्मर्सने १०० मीटर जिंकली. अठराव्या वर्षी ऑलिंपिक विजेता झालेल्या माणसाला पन्नास मीटर तलावातलं पहिलं वैयक्तिक जागतिक सुवर्ण मिळायला आणखी सात वर्षं लागली. आणि शेना जॅक. २०१९ मध्ये ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅक हॉर्टनने उत्तेजकांच्या वादात सापडलेल्या चीनच्या सुन यांगशेजारी व्यासपीठावर उभं राहायला नकार दिला, ऑस्ट्रेलियाने स्वच्छ खेळाचा झेंडा उंच धरला. आणि त्याच आठवड्यात जॅकची उत्तेजक चाचणी सकारात्मक आल्याचं उघड झालं. क्रीडा लवादाने तिने जाणूनबुजून काही घेतलं नव्हतं असं मानून बंदी दोन वर्षांवर आणली. फुकुओकात ती तीन विजयी रिलेंत पोहली, शिवाय ५० मीटर फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलं. ऑस्ट्रेलियन माध्यमांनी तिचं पुनरागमन फार गोड करून सांगितलं. परदेशी खेळाडूच्या बाबतीत त्यांचा सूर इतका मऊ नसतो, हे नोंदवायला हवं.

जलतरणाबाहेरही ऑस्ट्रेलियाला दोन सुवर्णं मिळाली, त्यांकडे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. डायव्हिंगमधल्या तेरापैकी बारा सुवर्णं चीनने नेली. उरलेलं एक, पुरुषांच्या १० मीटर प्लॅटफॉर्मचं, कॅसिएल रूसोने. हा आधी ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्ट होता आणि त्याचे फ्रेंच आजोबा मिशेल रूसो १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सायकलिंगचं सुवर्ण जिंकून गेले होते. रियानन इफलंडने २० मीटर उंचीवरून मारायच्या उड्यांत २०१७ आणि २०१९ नंतर तिसऱ्यांदा बाजी मारली. सगळ्या जलक्रीडा एकत्र धरल्या तर चीन पहिला आणि ऑस्ट्रेलिया दुसरा.

आता अरुंदपणाकडे. फुकुओकात जलतरणाच्या ४२ शर्यती होत्या. त्यांतल्या फ्रीस्टाइलच्या १७ (वैयक्तिक १२, रिले ५) आणि बॅकस्ट्रोकच्या ६, मिळून २३. ऑस्ट्रेलियाची तेराच्या तेरा सुवर्णं या तेविसांतून आली: दहा फ्रीस्टाइल, तीन बॅकस्ट्रोक. आणि बॅकस्ट्रोकची तिन्ही एकाच मुलीची. उरलेल्या १९ शर्यती ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, वैयक्तिक मेडले आणि तीन मेडले रिले. तिथे सुवर्ण शून्य, रौप्य चार, कांस्य दोन. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये झॅक स्टबलटी-कुक २०० मीटरला दुसरा आला. त्याच शर्यतीत चीनच्या चिन हायांगने त्याचा जागतिक विक्रमही नेला. बटरफ्लायमध्ये एलिझाबेथ डेकर्सचं रौप्य, ४०० मीटर मेडलेत जेना फॉरेस्टरचं कांस्य, आणि तिन्ही मेडले रिलेंत पदक, पण पहिला क्रमांक एकाही रिलेत नाही.

जलतरणात एखाद्या देशाची खरी तब्येत कळते ती मेडले रिलेत. चार जण, चार शैली: बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल. एका शैलीतला हिरो दुसरीतली गळती भरून काढू शकत नाही. फुकुओकातल्या महिला मेडले रिलेत ऑस्ट्रेलियाकडे पहिल्या टप्प्याला बॅकस्ट्रोकची जगातली सर्वश्रेष्ठ मॅकिओन आणि शेवटच्या टप्प्याला १०० मीटरची ताजी जगज्जेती ओकॅलहन होती. मधल्या दोन टप्प्यांत अमेरिका इतकी पुढे गेली की शेवटी सव्वा सेकंदाहून जास्त फरकाने जिंकली.

योगायोगाने ताडून पाहायला फुकुओकाच उपलब्ध आहे. २००१ ची जागतिक स्पर्धा याच शहरात झाली होती आणि तिथेही ऑस्ट्रेलियाने १३ सुवर्णं घेऊन अमेरिकेला (९) मागे टाकलं होतं. ती स्पर्धा इयान थॉर्पच्या सहा सुवर्णांसाठी आठवली जाते. म्हणून लोकांना वाटतं, तेही फ्रीस्टाइलचंच राज्य होतं. नव्हतं. थॉर्पची तीन वैयक्तिक, ग्रँट हॅकेटची १५०० मीटर, जियान रूनीची २०० मीटर आणि पुरुषांच्या दोन फ्रीस्टाइल रिले, ही सात. उरलेली सहा पाहा: मॅट वेल्शची १०० मीटर बॅकस्ट्रोक, जेफ ह्युगिलची ५० मीटर बटरफ्लाय, पेट्रिया थॉमसची १०० आणि २०० मीटर बटरफ्लाय, आणि पुरुष व महिला अशा दोन्ही मेडले रिले. महिलांच्या मेडले संघात ब्रेस्टस्ट्रोकला पंधरा वर्षांची लीसेल जोन्स होती. तोच आकडा, पण कितीतरी रुंद पाया. चौदावंही मिळालं असतं. महिलांच्या ४ बाय २०० फ्रीस्टाइलमध्ये ऑस्ट्रेलिया पहिला आला, आणि सगळे संघ पोहून संपायच्या आधीच त्यांच्या मुली आनंदाने तलावात उड्या मारून मोकळ्या झाल्या. नियमाने बाद. अमेरिकाही त्याच शर्यतीत बाद झाली आणि सुवर्ण ब्रिटनला गेलं. प्रशिक्षक डॉन टॅल्बट यांची ती शेवटची मोठी स्पर्धा. कडक शिस्तीच्या त्या माणसाला ती उडी किती दिवस बोचली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मग वीस वर्षांत हा पाया आखडला कसा? ऑस्ट्रेलियाकडे पोहण्याची कमतरता कधीच नव्हती. देशाची बहुतेक वस्ती किनाऱ्यावर, पोहायला शिकणं हा बालपणाचाच भाग, गावोगावी तलाव. पंतप्रधान हॅरल्ड होल्ट १९६७ मध्ये समुद्रात पोहताना बेपत्ता झाले, तर मेलबर्नने त्यांच्या स्मरणार्थ जलतरण तलावाला त्यांचं नाव दिलं. यावरून तिथल्या माणसाचं पाण्याशी काय नातं आहे ते समजतं. फ्रीस्टाइलची परंपरा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. जगाने ज्या क्रॉलला ऑस्ट्रेलियन क्रॉल म्हटलं, तो सिडनीत सॉलोमन बेटांवरून आलेल्या ॲलिक विकमच्या पोहण्यातून आणि कॅव्हिल कुटुंबाच्या हातून घडला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने जलतरणातल्या १३ पैकी ८ सुवर्णं घेतली. १९७६ ला माँट्रियलमध्ये मात्र संपूर्ण देशाला एकही सुवर्ण मिळालं नाही, त्या नामुष्कीतून १९८१ मध्ये कॅनबेरात राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली.

माझ्या मते आखडण्याचं एक कारण निवडीच्या गणितात आहे. वैयक्तिक शर्यतीत देशाचे दोनच जण जातात. पण १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलच्या चाचणीतून रिलेसाठीही माणसं लागतात, म्हणून तिथे सहावा आलेलाही विमानात बसू शकतो. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तिसरा आलेला घरी राहतो. पंधरा-सोळा वर्षांच्या हुशार मुलाला आणि त्याच्या प्रशिक्षकाला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. रिलेच्या प्रत्येक यशाने हे वजन आणखी वाढतं. दुसरं कारण ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टच्या काही मोजक्या प्रशिक्षकांभोवती गोळा झालेली प्रतिभा. डीन बॉक्सॉलच्या गटात टिटमस आणि ओकॅलहन रोज एकमेकींशी पोहत होत्या. जगातली दुसरी सर्वांत अवघड २०० मीटरची शर्यत तिथल्या सरावातच होत होती असं म्हणायला हरकत नाही. अशा गटातून एका शैलीचं शिखर तयार होतं. पण बाजूच्या शैलीला तसा गट नसेल तर तिथे नुसता एकांडा शिलेदार उरतो. स्टबलटी-कुक तसा आहे.

अमेरिकेची खोली जिथून येते तो मार्ग ऑस्ट्रेलियाकडे नाही. तिथल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात आणि गुण सांघिक असतात. म्हणून प्रत्येक विद्यापीठ चारही शैलींचे, मेडलेचे, सगळ्या अंतरांचे जलतरणपटू शिष्यवृत्ती देऊन गोळा करतं. बटरफ्लायमध्ये देशात दहावी असलेल्या मुलीलाही तिथे जागा आहे, शिक्षण आहे, चार वर्षांची स्पर्धा आहे. त्या दहावीतूनच कधीतरी पहिली येते. ऑस्ट्रेलियात अव्वल खेळाडूंना सरकारी निधी मिळतो, शिवाय खाणउद्योजिका जिना राइनहार्ट गेली बरीच वर्षं थेट जलतरणपटूंच्या हाती पैसे देतात. हे सगळं वरच्या थरासाठी. दहाव्या क्रमांकासाठी कोणीच काही देत नाही.

एका गोष्टीचं श्रेय मात्र ऑस्ट्रेलियन संघटनेला द्यायला हवं. लंडन २०१२ ला संघाला एकच सुवर्ण मिळालं आणि नंतरच्या चौकशीत संघातल्या बेशिस्तीचं, गुंडगिरीचं चित्र बाहेर आलं. रिओला तीन. त्या काळात निवड चाचणी एप्रिलमध्ये होई, मग ऑगस्टपर्यंत वेग टिकवायचा. मॅकव्हॉयसारखे अनेक जण एप्रिलमध्येच शिखर गाठून बसत. २०१९ पासून डच मुख्य प्रशिक्षक याको व्हरहारन यांच्या काळात चाचणी अमेरिकेसारखी मुख्य स्पर्धेच्या पाच-सहा आठवडे आधी आणली गेली. त्यांच्यानंतर आलेल्या रोहन टेलर यांनी तोच क्रम पुढे चालवला. टोकियोत ९ सुवर्णं आली, फुकुओकात १३. टोकियोत तर महिलांची मेडले रिलेही जिंकली होती, अमेरिकेपेक्षा ०.१३ सेकंदाने, आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण स्टबलटी-कुकचं होतं. म्हणजे मधल्या शैली ऑस्ट्रेलियाच्या रक्तातच नाहीत असं नाही. फुकुओकात त्या दोन्ही जागा गेल्या आणि तेराच्या झगमगाटात ते कोणाला दिसलं नाही.

२०२४ च्या सुरुवातीची दोहाची जागतिक स्पर्धा मी यात धरत नाही, कारण ऑलिंपिकवर डोळा ठेवून अनेक मोठी नावं तिथे गेलीच नाहीत. तिथे ऑस्ट्रेलियाच्या सॅम विल्यमसनने ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण घेतलं, हा प्रामाणिकपणे सांगायचा अपवाद. पॅरिस ऑलिंपिककडे पाहा. ऑस्ट्रेलियाची सात सुवर्णं: टिटमसची ४००, ओकॅलहनची २००, मॅकव्हॉयची ५०, महिलांच्या दोन फ्रीस्टाइल रिले आणि मॅकिओनच्या दोन बॅकस्ट्रोक. पुन्हा त्याच दोन शैली. शेवटच्या संध्याकाळी जाताना ऑस्ट्रेलिया सात, अमेरिका सहा अशी स्थिती होती. अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० मीटर जागतिक विक्रमासह जिंकून बरोबरी केली. मग आली महिलांची मेडले रिले, अमेरिका ३ मिनिटे ४९.६३, जागतिक विक्रम. आठ विरुद्ध सात. ऑस्ट्रेलिया रौप्य.

पुढच्या वर्षी सिंगापूरची जागतिक स्पर्धा. थायलंडमधल्या सराव शिबिरात अमेरिकी संघाचं पोट बिघडलेलं, पहिले काही दिवस माघारी आणि फिकट चेहरे. ऑस्ट्रेलियाला यापेक्षा चांगली संधी कोणती हवी? मेग हॅरिसने शेवटच्या दिवशी ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली आणि ऑस्ट्रेलियाची आठ सुवर्णं झाली, अमेरिकेचीही आठच. शेवटची शर्यत, पुन्हा महिलांची मेडले रिले. पुन्हा अमेरिका, पुन्हा जागतिक विक्रम, ३ मिनिटे ४९.३४. नऊ विरुद्ध आठ. आणि ती आठ? सहा फ्रीस्टाइल, दोन बॅकस्ट्रोक. फुकुओका, पॅरिस, सिंगापूर मिळून ऑस्ट्रेलियाच्या अठ्ठावीस सुवर्णांत तिसरी शैली एकदाही नाही.

फुकुओकातल्या तेरा सुवर्णांना कमी लेखायचं कारण नाही. अमेरिका त्या वर्षी थोडी खालीच होती. त्यांचा आघाडीचा जलतरणपटू केलेब ड्रेसेल निवड चाचणीतच मागे पडला होता. पण लेडेकी, स्मिथ, अलेक्सी आपापल्या ठिकाणी हजर होते आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना तिथेच हरवलं. मात्र ‘इतिहासातला आमचा सर्वश्रेष्ठ संघ’ असं जे कौतुक ऑस्ट्रेलियात झालं, ते मला पटत नाही. वेगात २०२३ चा संघ कितीतरी पुढे, यात शंका नाही. पण दोन दशकं अलीकडचा कोणताही संघ वेगात पुढे असणारच. आपापल्या काळाच्या मापाने तोललं तर मी २००१ चा संघ वर ठेवीन. त्याला दोन्ही मेडले रिले जिंकता येत होत्या.

यापुढचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. टिटमस ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झाली, म्हणजे फ्रीस्टाइलचा एक खांब गेला. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यती पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येणार आहेत, पुरुष आणि महिला मिळून सहा नवी सुवर्णं. त्यांतली दोन बॅकस्ट्रोकची, तिथे मॅकिओन टिकली तर ऑस्ट्रेलियाला फायदा. बाकीच्या चार नेमक्या त्याच शैलींच्या, जिथे अठ्ठाविसांत त्यांचं एकही नाही. सिंगापूरच्या संघात अल्बरी गावची सोळा वर्षांची सिएना टूही ब्रेस्टस्ट्रोकसाठी निवडली गेली होती. तिच्या मागे आणखी तीन-चार जणी उभ्या आहेत का, हे २०२८ च्या निवड चाचणीत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीतल्या आठही वेळा पाहून कळेल. मी त्या यादीत पहिल्या नावाआधी आठवं नाव शोधणार आहे.